ताट गेलं, पण पोटात काय गेलं? वॉर्डातल्या नर्ससाठी रुग्णाच्या आहाराचं काम, पायरीपायरीने

साडेबाराला किचनची ट्रॉली येते, मावशी ताटं वाटतात, पाऊण-एकला ताटं परत जातात आणि केस पेपरवर नोंद होते: ‘डाएट दिला’. रुग्णाने त्यातलं किती खाल्लं हे त्या दोन शब्दांत कुठेच येत नाही. डॉक्टर ऑर्डर लिहितात, डाएटिशियन आहार ठरवते, किचन शिजवतं. पण ताटापासून पोटापर्यंतचा रस्ता चोवीस तास नर्सिंगच्याच ताब्यात असतो, आणि बहुतेक गडबड तिथेच होते. हा लेख त्या रस्त्याबद्दल आहे. तो मोठ्या माणसांच्या मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डापुरता आहे. लहान मुलांची गणितं वेगळी असतात.

पहिल्या चोवीस तासांत

आधी वजन घ्या. नातेवाइकांनी सांगितलेलं ‘साठेक किलो असतील’ चालणार नाही, काट्यावरचं हवं. रोज तोच काटा, शक्यतो सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, अंगावर हलके कपडे. पहिलं वजन चुकलं तर पुढच्या सगळ्या तुलना चुकतात, शिवाय वजनावर बेतलेले औषधांचे डोसही.

उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर मोजा. डाव्या हाताचं कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य काढा, पेनाने खूण करा, मग हात सैल सोडायला सांगून त्या खुणेवर टेप लावा. टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. घेर २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २० च्या खाली असण्याची शक्यता धरा. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असलेल्या लिव्हरच्या रुग्णात वजनाचा आकडा फसवतो. माणूस आतून झडत असतो आणि काटा मात्र ‘वाढ’ दाखवतो. तिथे दंडाचा घेर जास्त खरं बोलतो.

मग वजन घटलंय का ते विचारा. ‘वजन कमी झालं का?’ या प्रश्नाला निम्मे लोक ‘माहीत नाही’ म्हणतात. त्यापेक्षा ‘पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं का?’, ‘बांगड्या सैल झाल्या का?’, ‘ब्लाऊज आत घ्यावे लागले का?’ असं विचारलं की उत्तर लगेच येतं.

बऱ्याच ठिकाणी कुपोषणाचा धोका मोजायला ‘मस्ट’ ही गुणपद्धत वापरतात. बीएमआय २० च्या वर असेल तर शून्य, १८.५ ते २० ला एक, त्याखाली दोन. गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेलं वजन ५ टक्क्यांच्या आत असेल तर शून्य, ५ ते १० ला एक, १० च्या वर दोन. गंभीर आजारामुळे पाच दिवसांहून जास्त काळ पोटात काही गेलं नसेल किंवा जाणार नसेल तर आणखी दोन. साठाचे चोपन्न किलो झाले म्हणजे १० टक्के घट. बेरीज एक आली तर तीन दिवस खाण्याची नीट नोंद ठेवा. दोन किंवा जास्त आली तर त्याच दिवशी डाएटिशियनला कळवा आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवा. दर आठवड्याला हे पुन्हा करायचं असतं. नेमकं तेच राहून जातं.

सोबत तीन गोष्टी तपासा. तोंडात फोड किंवा पांढरा थर आहे का? दातांची कवळी आणली आहे का? (ती बहुतेक वेळा घरी डबीत पडलेली असते आणि इथे आजोबांच्या पुढ्यात चपाती येते.) गिळताना ठसका लागतो का?

ताटाचा हिशेब

आजारी माणसाला साधारण किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. किडनीच्या रुग्णाचा आकडा नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतात, तिथे हे गणित लावू नका. समजा, खुब्याचं हाड मोडलेले पन्नास किलोचे आजोबा आहेत. त्यांना दिवसाला १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. आता दुपारचं ताट बघू. तीन चपात्यांतून सुमारे ९ ग्रॅम, वाटीभर पातळ वरणातून ४, भातातून अडीच, भाजीतून दोन. म्हणजे पूर्ण ताट खाल्लं तरी साडेसतराच्या आसपास. आजोबांनी निम्मं ठेवलं की आठ-नऊ ग्रॅम. रात्री तेच. सकाळी चहा-बिस्किट. दिवसाची बेरीज पंचवीसच्याही खाली, आणि वर ऑपरेशनची जखम भरून यायला हवी.

ही तूट भरताना ताटाचा आकार वाढवू नका. भूक नसलेल्या माणसाला भरलेलं ताट बघूनच नको होतं. आहे त्या घासात भर घाला. दोन उकडलेली अंडी १२ ते १३ ग्रॅम देतात. पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर दूध सहा-साडेसहा. त्यात १० ग्रॅम दुधाची पावडर मिसळली तर आणखी साडेतीन. भाजीत मोठा चमचाभर शेंगदाण्याचं कूट घातलं तर अडीच ते तीन, आणि दात नसले तरी खाता येतं. भातावर चमचाभर तूप म्हणजे ४५ कॅलरी.

दोन पदार्थांबद्दल वॉर्डात कायमचा गैरसमज असतो. साबुदाण्याची खीर ‘ताकदीची’ म्हणून येते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, प्रथिनं नाहीतच म्हणा. दुसरं डाळीचं वरचं पाणी. डाळ खाली भांड्यात राहते आणि रुग्णाला पिवळं गरम पाणी मिळतं. गिळायला त्रास नसेल तर डाळ घोटून द्यायला सांगा.

आणि सलाईन. ‘सलाईन लावलीय ना, मग जेवण कशाला?’ हे नातेवाइकांकडून रोज ऐकू येतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे ८५ ते १०० कॅलरी: जेमतेम एक चपाती. नॉर्मल सलाईनमध्ये शून्य. ‘या बाटलीत एक चपाती आहे’ असं सांगितलं की घरच्यांना लगेच पटतं.

जेवणाआधीचा अर्धा तास

इथे औषध लागत नाही, खर्चही नाही, तरी फरक सर्वात जास्त पडतो. ट्रॉली साडेबाराला येत असेल तर बारा वाजता बेडपॅन-युरिनल उरकून घ्या, हात धुवायला पाणी द्या, तोंड स्वच्छ करा. जीभ चिकट असताना चव लागत नाही. दुखत असेल तर वेदनाशामक गोळीची वेळ अशी साधा की जेवताना तिचा असर असेल. पू असलेलं ड्रेसिंग त्या वेळी काढू नका. शेजारच्या कॉटवर वास पसरला की दोन ताटं परत गेलीच समजा. बेडचं डोकं वर करा, टेबल हाताला येईल असं लावा, पाण्याचा पेला भरलेला ठेवा, अंडं सोलून द्या, सीलबंद पाकीट फोडून द्या. उजव्या हाताला सलाईन असलेला माणूस डाव्या हाताने चपाती तोडू शकत नाही, आणि लाजेने सांगतही नाही.

भरवायचं असेल तर बसून भरवा. उभ्याने भरवताना चमचा वरून येतो, रुग्ण मान वर करतो आणि घास श्वासनलिकेकडे जायला वाट मिळते. अर्धा चमचा भरा, गिळल्याची खात्री करून मगच पुढचा. पॅरालिसिस झाला असेल तर घास चांगल्या बाजूच्या गालात द्या आणि शेवटी दुसऱ्या गालात काही साठलंय का ते पाहा. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवा.

स्ट्रोकच्या रुग्णाला गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका, गोळीसुद्धा. चाचणीची ऑर्डर आणि तुमचं प्रशिक्षण असेल तरच पुढे जा. रुग्ण पूर्ण जागा आणि सरळ बसलेला हवा. चमच्याने ५ मिलिलिटर पाणी, असं तीन वेळा. खोकला, गुदमरणं, ओठातून गळणं, किंवा ‘आ’ म्हणायला लावल्यावर आवाज ओलसर, घरघरता येणं, यातलं काहीही दिसलं की थांबा. खोकला आला नाही म्हणून सगळं ठीक असं नसतं. काहींचं पाणी गुपचूप फुफ्फुसात उतरतं. नंतर चढलेला ताप आणि वाढलेला श्वास याकडे म्हणूनच लक्ष ठेवायचं.

ताट परत जाताना

मावशींना सांगून ठेवा: सिस्टरने बघितल्याशिवाय ताट उचलायचं नाही. नोंद ‘जेवण घेतलं’ अशी नको. ‘दीड चपाती, अर्धी वाटी वरण, भाजी नाही, दूध १५० मिलि’ अशी हवी. इतकं लिहायला वेळ नसेल तर ताटाचं वर्तुळ काढून पाव, अर्धं, पाऊण रंगवा. दोन दिवस सलग निम्म्याहून कमी जात असेल तर राऊंडला तोंडी सांगा, हँडओव्हरमध्ये सांगा. फक्त लिहून ठेवलेलं कोणी वाचेल या भरवशावर राहू नका.

कारण शोधताना औषधांचा कागद आधी उघडा. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूची चव येते, मेटफॉर्मिनने मळमळतं, ट्रॅमॅडॉलने मळमळही होते आणि पोटही साफ होत नाही. चार दिवस शौचाला न झालेला माणूस जेवणार कसा? लोहाची गोळी चहाबरोबर घेतली जात असेल तर ती लिंबूपाण्याबरोबर द्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, खाण्याच्या निदान अर्धा तास आधी.

इन्सुलिन आणि उशिरा येणारी ट्रॉली

साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास दिलं जातं. ट्रॉली चाळीस मिनिटं उशिरा आली की काय होतं हे प्रत्येक वॉर्डाला माहीत आहे: घाम, थरथर, चिडचिड, नाहीतर गप्प पडून राहणं. म्हणून आधी किचनला फोन, मग सिरिंज. लवकर असर करणारं इन्सुलिन असेल तर ताट डोळ्यांनी दिसल्याशिवाय टोचू नका. त्या दिवशी रुग्ण उलट्या करत असेल, ‘आज खायचंच नाही’ म्हणत असेल किंवा एकादशी धरून बसला असेल, तर डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शुगर ७० च्या खाली आणि रुग्ण शुद्धीवर, गिळू शकतोय: सपाट तीन छोटे चमचे साखर म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, अर्ध्या पेला पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आल्यावर काही खायला द्या. मिठाई, चॉकलेट, दूध यांनी शुगर सावकाश चढते, पहिला उपाय म्हणून ती नकोत. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात साखर घालू नका. तिथे शिरेतून डेक्स्ट्रोज आणि लगेच डॉक्टर.

एनबीएम (तोंडाने काहीही न देणं): कधीपासून, कधीपर्यंत

‘रात्री बारानंतर काही नको’ ही ऑर्डर सवयीने लिहिली जाते. सकाळी आठची केस दुपारी तीनला ढकलली गेली की रुग्ण पंधरा तास कोरडा. ठरलेल्या वेळेच्या ऑपरेशनसाठी भूलशास्त्राचे प्रचलित नियम असे आहेत: हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपकट आठ तास, पाणी किंवा कोरा चहा दोन तास. दूध घातलेला चहा मात्र खाण्यात मोजतात, सहा तास. ऑपरेशनची लिस्ट बदलली की ऑपरेशन थिएटरला फोन करून नवी वेळ घ्या आणि ‘पाणी देऊ का?’ हे भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. आतड्यात अडथळा असेल, गरोदर असेल, जुना मधुमेह असेल किंवा इमर्जन्सी असेल तर हे नियम लागू नाहीत.

ऑपरेशननंतरही तोच प्रश्न. ‘गॅस पास झाल्याशिवाय काही नको’ हा जुना दंडक आता बऱ्याच शस्त्रक्रियांत पाळत नाहीत, पण निर्णय सर्जनचा. नर्सचं काम इतकंच की प्रत्येक राऊंडला ‘एनबीएम कधीपर्यंत?’ हे विचारायचं, कारण ऑर्डर लिहिणारा विसरतो आणि रुग्ण उपाशी राहतो.

राइल्स ट्यूबमधून फीड

नाकातून पोटात जाणारी ही ट्यूब टाकल्यावर फीड (पातळ अन्न) सुरू करण्याआधी ती पोटातच आहे याचा पुरावा हवा. सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकणं भरवशाचं नाही. ट्यूब फुफ्फुसात असतानाही आवाज येऊ शकतो. एक्सरे सर्वात खात्रीचा. नंतर रोज, ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा त्याखाली आला तर पोट समजायचं. पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) चालू असेल तर तो वर जातो, मग संशय राहिला की पुन्हा एक्सरे. नाकाशी ट्यूबवर मार्करने खूण करा आणि कितव्या सेंटिमीटरला आहे ते चार्टवर लिहा.

१. बेडचं डोकं ३० ते ४५ अंशांवर. आडव्या रुग्णाला फीड कधीच नाही.

२. नाकाशी केलेली खूण जागेवर आहे का पाहा. सरकली असेल किंवा रुग्ण नुकताच जोराने खोकला-ओकला असेल तर फीड थांबवून जागा पुन्हा तपासा.

३. ३० मिलिलिटर पाणी सोडा.

४. ५० मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या काढा, नळकांडं ट्यूबला जोडा आणि २०० ते २५० मिलिलिटर फीड गुरुत्वाकर्षणाने पंधरा-वीस मिनिटांत जाऊ द्या. वेग सिरिंज वर-खाली करून ठरवा. दट्ट्याने ढकलू नका. जुलाब आणि उलट्यांचं सर्वात साधं कारण ही घाई असते.

५. नळकांडं रिकामं होण्याआधी पुन्हा ३० मिलिलिटर पाणी, नाहीतर हवा आत जाते आणि उरलेलं फीड ट्यूबमध्ये सुकतं.

६. निदान अर्धा तास डोकं वरच. पाठ बदलणं, नेब्युलायझेशन, फिजिओथेरपी नंतर.

पाण्याचे हे तीस-तीस मिलिलिटर इनटेकमध्ये धरा. दिवसाला सहा फीड म्हणजे ३६० मिलिलिटर. हृदय किंवा किडनीच्या रुग्णात हा छोटा आकडा नाही. उलट द्रवावर मर्यादा नसलेल्या रुग्णाला फीडशिवाय जास्तीचं पाणी लागतं, हे विसरलं की सोडियम चढतो.

घरी किंवा किचनमध्ये वाटलेलं फीड बारीक गाळणीतून गाळूनच घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. औषधं एकेक वेगळी विरघळवून, मध्ये पाणी सोडून द्या. दीर्घकाळ असर करणाऱ्या आणि आवरण असलेल्या गोळ्या कुटू नका; डॉक्टरांकडून दुसरा प्रकार लिहून घ्या. फेनिटॉइन (फिट्सचं औषध) फीडबरोबर गेलं तर नीट शोषलं जात नाही, त्याच्या आधी-नंतर फीड किती वेळ थांबवायचं ते ऑर्डरमध्ये हवं. ट्यूब तुंबली तर कोमट पाणी, मोठी सिरिंज, हळूहळू आत-बाहेर. लहान सिरिंजचा दाब जास्त असतो, ट्यूब फाटते. तार घालण्याचा विचारही नको.

जुलाब सुरू झाले की सगळे फीडला दोष देतात. आधी अँटिबायोटिक्स बघा, सॉर्बिटॉल असलेली सिरपं बघा, फीड कधी बनवलं होतं ते विचारा.

फार दिवस उपाशी असलेला रुग्ण

अन्ननलिकेचा कॅन्सर, जुनं दारूचं व्यसन, हाडांचा सापळा झालेला टीबी. असा माणूस आला की सगळ्यांना भरवण्याची घाई होते, आणि धोका तिथेच आहे. दहा दिवसांहून जास्त पोटात जवळजवळ काही नाही, बीएमआय १६ च्या खाली, वजनात १५ टक्क्यांवर घट, किंवा आधीच पोटॅशियम-फॉस्फेट-मॅग्नेशियम कमी: यातलं एकही असलं तर एकदम भरपूर अन्न दिल्यावर ही क्षारं रक्तातून पेशींत ओढली जातात, पातळी कोसळते आणि हृदयाची लय बिघडू शकते. सुरुवात साधारण किलोमागे १० कॅलरींनी, थायमिन (ब१ जीवनसत्त्व) आधी, क्षारांची तपासणी रोज. डेक्स्ट्रोजची सलाईनही या कॅलरींत धरा. पहिले चार-पाच दिवस नाडी वेगळी लागली, श्वास वाढला, पायांवर सूज आली किंवा रुग्ण अचानक बरळू लागला तर त्याच क्षणी कळवा. याच दिवसांत नातेवाइकांचा डबा तुम्हाला न सांगता उघडला जाणार नाही, एवढी व्यवस्था करा.

डबा, पथ्य आणि उपास

डबा बंद करण्याच्या फंदात पडू नका. घरचं अन्न माणूस खातो. काय आलंय ते बघा, आणि त्यातलं काय चालेल ते सांगा. ‘टाके पडलेत, भात-वरण नको, पू होतो’ हे ऐकलं की चिडू नका. ‘पू जंतूंनी होतो, टाक्यांना डाळ-अंडं लागतं’ हे सासूबाईंना किंवा आईला सांगा, कारण डबा त्या भरतात. किडनीच्या रुग्णाला मायेने आणलेलं शहाळं मात्र हळूच बाजूला घ्या. त्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. बीपी आणि हार्टच्या रुग्णाच्या डब्यात पापड, लोणचं, शेंगदाण्याची खारी चटणी शोधा. पाय सुजण्याचं कारण अनेकदा त्या छोट्या डबीत असतं. वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावरच्या रुग्णाला पालेभाजी बंद करायला सांगू नका, रोज साधारण सारखीच खा असं सांगा.

चौविहार पाळणारा जैन रुग्ण सूर्यास्तानंतर खाणार नाही, तर त्याचं रात्रीचं ताट साडेपाचला मागवा आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या. रोजा असेल तर पहाटेच्या सहरीला वॉर्डात कोण उठवणार ते आदल्या रात्रीच ठरवा.

सुट्टी देताना

‘प्रोटीनयुक्त आहार घ्या’ हे वाक्य घराच्या दारातच विरघळतं. घरात काय शिजतं ते आधी विचारा, मग वाटी-चमच्यात सांगा: रोज एक अंडं, दोन वाट्या घट्ट वरण, भाजीत चमचाभर कूट, रात्री पेलाभर दूध. अंडं चालत नसेल तर चण्या-फुटाण्यांची मूठ, मटकीची उसळ. सांगून झालं की ‘उद्या सकाळी काय द्याल?’ असं स्वयंपाक करणाऱ्यालाच विचारा. तिला सांगता आलं नाही तर तुमचं सांगणं पोहोचलेलं नाही.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा १००० रुपये मिळतात; नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. पैसे थेट बँक खात्यात येतात, म्हणून खात्याचा तपशील निक्षय पोर्टलवर भरला गेलाय का हे डिस्चार्जच्या कागदासोबतच तपासा. वजन त्या कागदावर तारखेसह लिहा आणि पुढच्या भेटीला तोच आकडा काट्यावर पडताळायला सांगा.